पाळण्यासाठी, खाण्यासाठी नव्हे

शाळेच्या ग्रुपवर राजनंदिनीबाईंचा मेसेज आला, तेव्हा घरात तो वाचू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे तवनाप्पा. ‘पहिलीच्या वर्गाचा नाताळ उपक्रम. चिठ्ठीत ज्या मित्राचे नाव आले असेल त्याच्यासाठी प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने भेटवस्तू तयार करून चोवीस तारखेला आणावी. विकतची वस्तू चालणार नाही. पालकांनी वस्तू करून देऊ नये.’ खाली तीन लाल टोप्या आणि एक झाड. सून भाग्यश्री कडेगावच्या दवाखान्यात नोकरीला, तिची त्या आठवड्यात दुपारपाळी. मुलगा साखर कारखान्यात, हंगाम चालू, म्हणजे घरी फक्त झोपण्यापुरता. आणि पत्नी गुणमाला सांगलीला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. तेव्हा सहा वर्षांचा आर्जव, चार वर्षांची राणी आणि नाताळ, हे तिन्ही तवनाप्पांच्या गळ्यात पडले.

तवनाप्पांचं वय अडुसष्ट. हळदीची आणि उसाची शेती, गावातल्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कमिटीत पंचवीस वर्षं. दिवस मावळल्यावर त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. नियम म्हणजे नियम, त्याला वळसा नाही, हे त्यांचं ब्रीद आणि त्या ब्रीदाचा घरादाराला थोडा जाचही होता. मागल्या वर्षी शेजारच्या सुलाबाईंच्या नातवाच्या वाढदिवसाला बेकरीतून हत्तीच्या आकाराचा केक आला होता. तवनाप्पा बोलावणं होतं म्हणून गेले, हत्ती बघितला आणि पाटावरून उठले. पिठाचा कोंबडा कापला म्हणून एका राजाला कितीतरी जन्म भोगावं लागलं, ही गोष्ट त्यांनी बस्तीतल्या प्रवचनात लहानपणापासून ऐकलेली. प्राण्याच्या आकाराचं काही कापायचं नाही, मोडायचं नाही, खायचं तर नाहीच. त्यांनी हे तिथंच अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी हत्ती जसा आला तसा रिक्षातून बेकरीत परत गेला आणि पोरांनी चिवड्यावर वाढदिवस केला.

“कुणाचं नाव आलंय रं चिठ्ठीत?” त्यांनी आर्जवला विचारलं.

“सृष्टीचं.”

“कुठली सृष्टी?”

“हरणाबाईची. माळावरची.”

हरणाबाई म्हणजे गावाच्या वरल्या अंगाला राहणारी धनगराची म्हातारी. तिचा मुलगा बिरदेव आणि सून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कर्नाटकात जात, ते थेट पावसाच्या तोंडाला परतत. यंदा पोरीची पहिली, म्हणून सृष्टीला आजीजवळ ठेवलेली. तवनाप्पांनी मान डोलावली. पोरगी चांगली आहे, आपण खायचंच काहीतरी देऊ, असं त्यांनी ठरवलं. नानकटाई. पीठ, पिठीसाखर आणि तूप सारखं घ्यायचं, हे गुणमालाबाईंच्या तोंडून चाळीस वर्षं ऐकून त्यांना पाठ झालं होतं.

परातीत पीठ मळून होईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग तवनाप्पांना मेसेज आठवला. पालकांनी वस्तू करून देऊ नये. आता दुसरा एखादा आजोबा असता, तर त्यानं शेजारी बसून पोरांना चार गोष्टी दाखवल्या असत्या. पण हे तवनाप्पा. नियम म्हटला की तो पुरा पाळायचा, आणि जमलं तर दोन बोटं जास्तच. ते उठले, सोप्यात पोरांकडे पाठ करून बसले आणि त्यांनी पेपर उघडला.

“मी हात लावणार न्हाई आन बघणार बी न्हाई. तुमचं तुमी करा.”

मागून थपथप आवाज येत राहिला. थोड्या वेळानं आर्जव म्हणाला, “आज्जा, खोबरं किसून द्या की.”

तवनाप्पांनी खोबरं किसलं आणि ताटली मान न वळवता मागं सरकवली. मग लवंगा हव्या झाल्या. त्याही त्यांनी डब्यातून काढून तशाच पाठमोरं बसून दिल्या.

“काय करालायसा एवढं?”

“पांढरं पांढरं,” राणी म्हणाली. “मऊ मऊ. लय हायत.”

“ढग व्हय? चांगलं हाय. ढग करा.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. पोरं कामात असली की बोलत नाहीत, एवढंच तवनाप्पांना वाटलं.

ट्रे ओल्या फडक्यानं झाकून तो मोटारसायकलवर मांडीवर धरून आर्जव मागं बसला, राणी पुढं टाकीवर, आणि वरात लालासाहेबाच्या बेकरीच्या भट्टीवर पोहोचली. ट्रे घरचाच होता. भट्टीतल्या ट्रेला कधी काय लागलं असेल याचा नेम नाही, म्हणून तवनाप्पांनी तो मुद्दाम आणला होता. लालासाहेबानं ट्रे घेतला आणि आत सरकवला. तवनाप्पा बाहेर बाकावर बसले. वीस मिनिटांनी आतून हाक आली.

“आण्णा, जरा हिकडं या.”

“करपली का?”

“करपतीया कशाला! झ्याक झाल्यात. पर एक सांगतो, ह्या खेपंला मला बोल लावायचा न्हाई. ह्यात माझा हात न्हाई.”

लालासाहेबाचं असं बोलणं साहजिक होतं, कारण तो हत्ती त्यानंच केला होता.

तवनाप्पा आत गेले. ट्रेमध्ये एकवीस मेंढरं उभी होती. अंगावर खोबऱ्याच्या किसाची लोकर, भट्टीत तांबूस झालेली. लवंगेचे डोळे. चार चार पाय. कान राणीनं केले असावेत, कारण ते मेंढरांपेक्षा मोठे होते. सगळ्यांची तोंडं एका बाजूला, आणि शेवटच्या मेंढीच्या पोटाशी एक बारकं कोकरू. भट्टीच्या उबेनं ती अशी टरारून फुगली होती की आता चालायला लागतील असं वाटावं.

“पोरांच्या हातात कसब हाय, आण्णा,” लालासाहेब हळू आवाजात म्हणाला.

घरी आल्यावर तवनाप्पांनी आर्जवला समोर बसवलं. ओरडायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

“मेंढरं का केलीस?”

“सृष्टीला द्यायला.”

“ते कळलं. पर मेंढरंच का?”

आर्जवनं मग सगळं सांगितलं. बाईंनी नाताळची गोष्ट सांगितली होती. येशूबाळ गोठ्यात जन्मलं, तेव्हा त्याला बघायला सगळ्यांत आधी मेंढपाळ आले. तेव्हा सृष्टी उभी राहून म्हणाली, ते आमचं पाव्हणं. सगळा वर्ग हसला. सृष्टी खाली बसली ती पुन्हा बोललीच नाही. रोज पाटीवर मेंढी काढते आणि पुसते. दुपारची खिचडी घेते आणि तशीच ठेवते. तिचं एक कोकरू होतं, तेही आईबापाबरोबर गेलं.

“म्हणून मी तिला म्हणलो, तुला मेंढरं देतो. शब्द दिलाय आज्जा.”

तवनाप्पांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. पण अडचण काही त्यामुळं सुटत नव्हती.

“बाळ, ही मेंढरं खाल्ली तर पाप लागतंय.”

“ठावं हाय मला. हत्तीच्या वेळेला तुमी सांगितलंय की.”

“मग आपण असं करू. हे ढग हायत असं म्हणू.”

आर्जवनं आजोबांकडे असं पाहिलं की तवनाप्पांनाच खाली बघावं लागलं. “खोटं बोलायचं न्हाई म्हणून तुमीच सांगताय.”

“बरं. दुसरी करू. चांदण्या करू.”

“आन ह्यांचं काय करायचं?” आर्जवनं विचारलं.

ह्यांचं काय करायचं, हा प्रश्न खरोखरच कठीण होता. खायची नाहीत. मोडायची नाहीत. उकिरड्यावर टाकली तर कुत्री खाणार, ते आपणच खायला घातल्यासारखं. शिवाय तोवर राणीनं सगळ्यांची नावं ठेवून टाकली होती. सगळ्यांत लठ्ठ मेंढीचं नाव सुलाबाई होतं. विचार करता करता तवनाप्पा ती ट्रेमधून डब्यात ठेवायला लागले आणि पाचव्या मेंढीचा मागचा पाय त्यांच्या हातात आला.

राणीनं भोकाड पसरलं. तवनाप्पा तो पाय चिमटीत धरून उभे राहिले. अडुसष्ट वर्षांत त्यांनी मुंगीवर पाय दिला नव्हता. शेवटी त्यांनी सांगलीला फोन लावला.

“मेंढरं?” गुणमालाबाई पलीकडून म्हणाल्या. “किती?”

“एकवीस. त्यातलं एक कोकरू हाय.”

“खाल्लं का कुणी?”

“न्हाई.”

“मोडलं?”

“एक पाय मोडला.”

“कुणाकडनं?”

“माझ्याकडनं.”

“जाणून मोडला न्हाई न्हवं? मग नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणा. आन पोरांनी नावं ठेवली का त्यांची?”

“ठेवली.”

“मग संपलंच. नाव ठेवलं म्हणजे जीव मानला की त्यात.”

“आगं पर द्यायची तरी का न्हाईत? खाणार ती पोरगी. आपण कुठं खातोय?”

“आवं, कमिटीत बसताय आन मला इचारताय? आपण केलं, दुसऱ्याकडनं करवलं, आन कुणी केलेल्याला बरं म्हणलं, तिन्हीचं पाप सारखंच. तुमी खायला म्हणून दिलं की झालं करवलं. द्यायचीच असतील तर खाऊ नगा म्हणून सांगून द्या.”

तवनाप्पांनी फोन ठेवला. एवढा सोपा मार्ग आपल्याला सुचू नये याचं त्यांना वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मग ते कामाला लागले. गुळाचा घट्ट पाक केला. चष्मा पुसला. मोडका पाय पाकात बुडवून जागेवर लावला आणि तो धरून दहा मिनिटं हललेच नाहीत. राणी शेजारी उकिडवी बसून मेंढीवर फुंकर घालत होती. नऊ वेळा णमोकार म्हणायचाच होता, तो त्यांनी तेवढ्यात म्हणून घेतला.

पाक सुकतो आहे तोवर मुंग्या आल्या. डबा पाण्याच्या परातीत ठेवला तर मुंग्या बुडून मरणार, न ठेवला तर मेंढरांना खाणार. तवनाप्पांनी परसात मूठभर साखर टाकली, तिथपासून डब्यापर्यंत रेघेत थोडी थोडी पसरली आणि मुंग्यांना वाट दाखवत बसले. त्या जायला पाऊण तास लागला. भाग्यश्री पाळी संपवून आली तेव्हा तिला सासरे दारात गुडघ्यावर बसलेले दिसले. ती काही न विचारता आत गेली.

चोवीस तारखेला तवनाप्पा धुतलेलं धोतर नेसून स्वतः शाळेत गेले. डब्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरांत कागद चिकटवला होता : पाळण्यासाठी, खाण्यासाठी नव्हे. पण सृष्टीला अजून नीट वाचता येत नसणार, तेव्हा तोंडी सांगणं भाग होतं.

वर्गात बोरीची फांदी कुंडीत रोवून झाड केलं होतं, त्यावर दवाखान्यातला कापूस. दिग्विजय नावाच्या पोरानं बाटली कापून पेनाचं भांडं केलं होतं. कुणी बांगड्यांना लोकर गुंडाळली होती, कुणी काड्यापेटीचं कपाट केलं होतं. एका कपाटाचे कप्पे अगदी गुळगुळीत उघडत होते, ते पोराच्या बापानं केलं होतं हे तवनाप्पांनी लगेच ओळखलं. नियम पाळणाऱ्या माणसाला मोडणारा लांबूनच दिसतो.

सृष्टीचं नाव पुकारलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, मनगटं काडीसारखी. तिनं डबा घेतला, जमिनीवर ठेवला आणि झाकण काढलं. ती एक एक मेंढरू उचलून फरशीवर मांडत गेली. मांडताना ओठ हलत होते, मोजत होती. पाचवं मेंढरू हातात घेतल्यावर ती थांबली आणि त्याला उजेडाकडे धरलं.

“हिचा पाय मोडलावता,” ती म्हणाली. “कुणी बांधला?”

आर्जवनं आजोबांकडे बोट केलं. सृष्टीनं तवनाप्पांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

“बरा बांधलाय,” ती म्हणाली.

बस्तीच्या कमिटीनं शाल घातली तेव्हाही तवनाप्पांना इतकं भरून आलं नव्हतं. शेवटी पोरीनं कोकरू काढलं, तळहातावर ठेवलं आणि ती हसली. राजनंदिनीबाई फोटो काढायचं विसरल्या. तवनाप्पा पुढं होऊन तिच्यासमोर खाली बसले.

“बाळ, ही खायाची न्हाईत हं. पाळायची हायत.”

सृष्टीला हे सांगणंच नवल वाटलं. “घरची मेंढरं कोण खातंय व्हय?”

तवनाप्पा घरी परतले ते वीस वर्षांनी लहान होऊन. शब्द राहिला, नियम राहिला आणि पोरगी हसली. नाताळ हा सण दिसतो तितका अवघड नाही, असंही त्यांनी सुलाबाईंना ऐकवलं.

शुक्रवारी गुणमालाबाई दोन दिवसांसाठी घरी आल्या. दुपारी त्या आत गहू निवडत होत्या आणि तवनाप्पा सोप्यात बसले होते, तेवढ्यात हरणाबाई आली. पदर डोक्यावरून घेतलेला, चेहरा उतरलेला. ती पायरीवरच थांबली.

“आण्णा, तुमचा माझ्याकडनं गुन्हा झालाय.”

“आधी वर या, हरणाबाई. काय झालं?”

“वर न्हाई येत. आधी सांगू द्या.” तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. “पोरगी दिवाळीपासनं नीट जेवत न्हवती बघा. आई गेल्याली, बा गेल्याला. ताटात टाकल्यालं तसंच. दोन घास खाती आन उठती. म्या अंगारा लावला, देवरुषी झाला, दवाखाना झाला. काल तुमची मेंढरं टोपलीखाली कोंडली. आज सकाळी म्हणली, आज्जे, ह्यास्नी चारायला न्हेते. म्या म्हणलं, ने. माळाला गेली आन परत आली. मग मला म्हणती, मेंढरं एकटीच ऱ्हायल्यात, त्यास्नी मायेच्या पोटात जायाचंय. आन त्यांची माय मीच.”

हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“दुधाची वाटी घिऊन बसली. एक बुडीवली आन खाल्ली. मग दुसरी. आण्णा, तुमी सांगून दिलंवतं, मला ठावं हुतं. हात धरायला म्या उठलेबी. पर तिसऱ्या मेंढराला पोरगी म्हणली, आज्जे, भाकरी हाय का गं? दीड महिन्यानं माझ्या पोरीनं भाकरी मागितली. मग माझा हात न्हाई उठला. सकाळधरनं बारा खाल्ली, आन अर्धी भाकरी बी. तुमचा नेम माझ्यामुळं मोडला. काय दंड द्याचा तो द्या.”

“बरं केलं!” तवनाप्पा म्हणाले. “लय बरं केलं पोरीनं!”

म्हणाले आणि थबकले. आत गहू निवडायचा आवाज बंद झाला होता. गुणमालाबाई सूप हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. हरणाबाईला कळेना की आण्णांचा चेहरा असा का झाला.

“बरं म्हणलासा,” गुणमालाबाई म्हणाल्या.

“म्हणलो.”

“मनापासनं?”

तवनाप्पांनी बायकोकडे पाहिलं. एक सोपी पळवाट समोर होती, नुसतं ‘न्हाई’ म्हणायचं होतं.

“मनापासनं,” ते म्हणाले. “परत इचारलंस तर परत म्हणीन. उद्या उपास धरतो.”

हरणाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गुणमालाबाईंनी तिला हाताला धरून वर घेतलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. तवनाप्पा मात्र कुठंतरी बघत हिशेबात बुडालेले दिसत होते.

“हरणाबाई, उरली किती?”

“नऊ हायत. लंगडी ठिवलीया तिनं. तिला खाणार न्हाई म्हणती, अजून पाय दुखतोय तिचा.”

“आन बिरदेव कवा येणार?”

“त्यो आता पावसाच्या तोंडाला.”

तवनाप्पा उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“चौदस कवा हाय गं?”

“पुढल्या शुक्रवारी,” गुणमालाबाई म्हणाल्या. “का?”

“न्हाई, चौदसीला आपला उपास असतोच. मग गुरुवारी आणखी थोडी मेंढरं भाजली तर...” पुढचं वाक्य त्यांना पुरं करवेना. पंचवीस वर्षं कमिटीत बसलेल्या माणसाला ते जड जाणारच.

गुणमालाबाईंनी सूप खाली ठेवलं. तुपाचा डबा उघडून आत किती आहे ते पाहिलं आणि परत झाकण लावलं.

“मग दोन घाणे भाजा,” त्या म्हणाल्या. “उपास काय, एकच लागतोय.”